हीटर लावला की नाक-घसा कोरडा पडतोय, ह्युमिडिफायर घ्यावा का?

पाषाणची_नवीन
नमस्कार मंडळी. आम्ही पावसाळ्याच्या आधी पाषाणला शिफ्ट झालो, त्याआधी कायम रत्नागिरी, त्यामुळे इकडची थंडी घरात सगळ्यांनाच नवीन आहे. वरचा मजला, बेडरूमची खिडकी टेकडीच्या बाजूला, पहाटे फरशीवर पाय ठेववत नाही. सासरे सत्तरीच्या पुढचे, त्यांना गारठा सोसत नाही म्हणून डिसेंबर लागला तसा तेलाचा हीटर आणला, तो उभ्या पट्ट्यांचा, चाकावर फिरणारा. दुकानदार छातीठोकपणे म्हणाला की ताई यात हवा अजिबात कोरडी होत नाही, ब्लोअरमध्ये होते, म्हणून ब्लोअरच्या कितीतरी जास्त पैसे मोजून हा घेतला.

आता होतंय असं की रात्रभर हीटर चालला की सकाळी सासऱ्यांचा घसा सुकलेला आणि आवाज बसलेला, माझे ओठ फुटलेत, पायाच्या भेगांचं तर विचारूच नका, आणि मुलगी पाच वर्षांची आहे तिचा परवा पुन्हा घोळणा फुटला. उशीच्या अभ्र्यावर रक्त बघून माझे हातपायच गळाले. डॉक्टरांना दाखवून आलोय, ते म्हणाले घाबरण्यासारखं काही नाही, कोरड्या हवेने होतं, सलाईनचे थेंब दिलेत. ब्लँकेट ओढलं तर अंधारात चटचट ठिणग्या उडतात, लेकीला त्याची गंमत वाटते ते वेगळंच.

सासूबाई म्हणतात खोलीत पाण्याचं पातेलं ठेव, नवरा म्हणतो ह्युमिडिफायर, म्हणजे हवेत ओलावा सोडणारं मशीन, मागवू. ऑनलाईन बघितलं तर आठशे रुपयांपासून बारा हजारांपर्यंत आहेत आणि रिव्ह्यू वाचून जास्तच गोंधळ होतो. कोणी वापरलाय का पुण्यात? की हीटरच बदलावा?

वेधशाळेमागे
हीटर बदलू नका, पैसे फुकट जातील. दुकानदाराने जे सांगितलं ते सगळेच सांगतात पण त्यात दम नाही. हीटर कुठलाही घ्या, तेलाचा, ब्लोअर, हॅलोजन, अगदी हॉट अँड कोल्ड एसी, कोणीच हवेतलं पाणी खात नाही. हवेत बाष्प तेवढंच राहतं, फक्त गरम हवेची बाष्प धरायची ताकद वाढते, त्यामुळे तीच हवा कोरडी ठरते आणि तुमच्या नाकातून, कातडीतून पाणी ओढायला लागते. ब्लोअरचा झोत थेट तोंडावर येतो म्हणून तो जास्त जाणवतो, बाकी खोलीचं तापमान सारखं असेल तर कोरडेपणाही सारखाच.

आकड्यात सांगतो. समजा पहाटे बाहेर १२ अंश आहे आणि आर्द्रता ८० टक्के, म्हणजे त्या तापमानाला हवा जेवढं बाष्प धरू शकते त्याच्या ८० टक्के. त्या एक घनमीटर हवेत साधारण साडेआठ ग्रॅम पाणी असतं. हीच हवा खिडकीच्या फटीतून आत आली आणि तुम्ही ती २६ अंशांपर्यंत तापवली की आर्द्रता होते ३५ टक्के. तीच २० अंशांवर ठेवली तर जवळपास ५०. म्हणजे काहीही विकत न आणता, नुसतं हीटरचं बटण मागे फिरवून निम्मं काम होतं. नाकाघशाला ४० ते ५० टक्के बरं पडतं, ६० च्या वर मात्र जाऊ देऊ नका, मग भिंतीला बुरशी आणि गाद्यांमध्ये धुळीतले किडे.

बरं पुण्याची गंमत अशी की थंडीत दुपारीसुद्धा हीच कथा. सकाळी ८०-९० टक्के असलेली आर्द्रता दुपारी ऊन तापलं की ३० च्या आसपास किंवा त्याच्याही खाली जाते, तिथे हीटरचं काम सूर्य करतो. रत्नागिरीला समुद्र उशाशी, त्यामुळे तुम्हाला हे कधी जाणवलंच नसणार. त्यात पाषाण, एनडीए हा पट्टा शहरात सगळ्यात गार, पेपरात रोज बघा, मगरपट्टा आणि तुमच्यात किती अंशांचा फरक असतो ते.

आधी एक हायग्रोमीटर आणा, तीनचारशे रुपयांत छोटा डिजिटल मिळतो, तापमान आणि आर्द्रता दोन्ही दाखवतो. तो बरोबर आहे का बघायचं असेल तर बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, पाण्याचे थेंब टाकून ओल्या वाळूसारखं करा, झाकण आणि मीटर एका घट्ट डब्यात बंद करून रात्रभर ठेवा. मीटरने ७५ दाखवायला पाहिजे. ७० दाखवला तर समजायचं हा पाच कमी दाखवतो. हे केल्याशिवाय बारा हजारांच्या नादाला लागू नका.

शनिवारवाडा_पेन्शनर
पुण्यात हीटर! आमच्या लहानपणी पहाटे बंबाचं पाणी आणि वर गोधडी, एवढ्यावर अख्खी थंडी निघायची. चालू द्या.

सिंहगडरोडची_आई
पेन्शनर काका, त्या बंबाच्या धुराने कोणाकोणाचा दमा वाढला ते पण सांगा की. 😄

पाषाण ताई, घोळण्याचं मी सांगते, माझ्या धाकट्याला तीन हिवाळे हा त्रास होता. फुटला की मुलाला बसतं करायचं, मान पुढे झुकवायची, नाकाचा मऊ भाग चिमटीत दाबून धरायचा आणि घड्याळ लावून दहा मिनिटं सोडायचा नाही. मध्ये मध्ये थांबलं का म्हणून सोडून बघतो ना आपण, तिथेच घोटाळा होतो, परत पहिल्यापासून. मान मागे टाकून झोपवणं बंद, रक्त घशात जातं आणि मग उलटी. आमच्याकडे कांदा हुंगवणे, डोक्यावर गार पाणी थापणे सगळं करून झालंय, आजींचं मन राखायला कांदा चालेल पण चिमूट सोडायची नाही. अर्ध्या तासात थांबलं नाही किंवा वारंवार एकाच नाकपुडीतून यायला लागलं तर मात्र थेट डॉक्टर.

एरवी रात्री झोपताना सलाईनचे थेंब आणि नाकपुडीच्या आतल्या कडेला करंगळीने व्हॅसलिनचा अगदी पातळ हात. नखं बारीक कापा, खपली काढत बसतात ही मुलं, निम्मे घोळणे त्यानेच फुटतात.

तूप_लावा_तूप
व्हॅसलिन कशाला, साजूक तुपाचे दोन दोन थेंब नाकात सोडा रात्री. आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या चालतंय, कोणाचं नाक कोरडं पडत नाही.

सिंहगडरोडची_आई
दादा, मोठ्यांनी वैद्यांना विचारून करावं, पण लहान मुलाच्या नाकात तेलतूप ओतू नका प्लीज. ते आत ओघळून फुफ्फुसात गेलं तर निस्तरताना नाकी नऊ येतात, आमच्या बालरोगतज्ज्ञांनी याच्यावरून मला चांगलंच झापलं होतं. करंगळीने कडेला पुसट लावणं वेगळं आणि थेंब सोडणं वेगळं.

बाणेर_टँकरग्रस्त
ह्युमिडिफायरवर मी बोलतो कारण दोन प्रकारचे वापरून झालेत. आठशे-हजारात जे मिळतात ते सगळे अल्ट्रासोनिक. आत एक छोटी चकती थरथरते आणि पाण्याचं धुकं बाहेर फेकते, आवाज नाही, वीज नाममात्र, दिसायला झकास. पण ते पाण्याची वाफ करत नाहीत, पाण्याचे बारीक थेंब जसेच्या तसे उडवतात, म्हणजे पाण्यात जे काय विरघळलेलं असेल ते पण हवेत. आमच्या सोसायटीला उन्हाळा-हिवाळा टँकर आणि बोअरचं पाणी, टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, पाचशेच्या वर. आठवडाभरात टीव्हीवर, पुस्तकांवर, काळ्या टेबलावर पांढरी पिठासारखी पूड, बोट फिरवलं की रेघ उमटते. तीच पूड आपण श्वासात घेतो हे लक्षात आल्यावर बायकोने मशीन उचलून माळ्यावर टाकलं. तुमच्याकडे खडकवासल्याचं कॉर्पोरेशनचं पाणी येत असेल तर त्रास कमी, ते तसं मऊ पाणी आहे. तरी अल्ट्रासोनिक घेतला तर आरओचं पाणीच घाला.

दुसरा प्रकार वातीचा किंवा फिल्टरचा, म्हणजे ओल्या जाळीतून पंखा हवा ओढतो, आपला डेझर्ट कूलरच पण लहान. क्षार जाळीत अडकतात, हवेत जात नाहीत, आणि खोली दमट झाली की बाष्पीभवन आपोआप मंदावतं, त्यामुळे अति होत नाही. महाग पडतो, जाळी बदलावी लागते, पंख्याचा घूं आवाज येतो. तिसरा गरम वाफेचा, तो घरात लहान मूल असेल तर नकोच, अंगावर सांडला तर भाजतं.

कुठलाही घ्या, टाकी रोज रिकामी करून पुसायची, दोन-तीन दिवसांनी पांढऱ्या व्हिनेगरने धुवायची आणि खळखळून विसळायची. शिळ्या पाण्याने बुळबुळीत थर धरतो आणि मग तोच खोलीभर. आणि पाण्यात काही म्हणजे काही टाकायचं नाही. कापूर नाही, बामाचा गोळा नाही, सुगंधी तेल नाही, डेटॉल तर नाहीच नाही. कापूर लहान मुलांना विषारी असतो हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. दक्षिण कोरियात ह्युमिडिफायरच्या पाण्यात टाकायचं जंतुनाशक दुकानात सर्रास मिळायचं, स्वच्छता म्हणून लोक टाकायचे, २०११ साली उघडकीला आलं की त्याने फुफ्फुसं निकामी होऊन माणसं दगावतायत, त्यात लहान मुलं आणि बाळंतिणी. जी गोष्ट फरशी पुसायला ठीक आहे ती धुक्यातून छातीत जायला ठीक नसते.

पाषाणची_नवीन
बापरे, कोरियाचं वाचून काटा आला. सुगंधी तेलवालाच कार्टमध्ये टाकला होता, काढला लगेच. मीटर मागवलाय. पण सासूबाईंचं पातेलं? त्या रोज रात्री भरून ठेवतायत आणि सकाळी मला दाखवतात की बघ, कमी झालं.

वेधशाळेमागे
कमी झालं असेल पण किती? पातेल्याचं तोंड वीतभर रुंद, गार पाणी, रात्रभरात पाव कप उडालं तर उडालं. आता हिशोब बघा. १० बाय १२ ची खोली म्हणजे तेहतीस घनमीटर हवा. २२ अंशांवर ती ३५ वरून ५० टक्क्यांवर न्यायला जेमतेम १०० मिली पाणी लागतं. ऐकायला सोपं वाटतं पण आपल्या ॲल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडक्या हवाबंद नसतात, तासा-दोन तासांत खोलीतली हवा बदलून जाते आणि तुमची मेहनत बाहेर. म्हणजे रात्रभराचा खर्च अर्धा ते पाऊण लिटर. पातेलं पुरत नाही ते यामुळे.

पृष्ठभाग वाढवा. पिळलेल्या मोठ्या टॉवेलमध्ये पाव ते अर्धा लिटर पाणी असतं आणि पसरून टाकला की चारी बाजूंनी उडतं. त्याहून उत्तम म्हणजे मशीनचे धुतलेले कपडे रात्री बेडरूममध्येच स्टँडवर वाळत घाला. स्पिन झाल्यावरही एका लोडमध्ये लिटर-दोन लिटर पाणी उरलेलं असतं. पुण्याच्या थंडीत सकाळपर्यंत खडखडीत वाळतात, कुबट वास येत नाही. पावसाळ्यात हाच उद्योग केलात तर भिंती काळ्या होतील, तेव्हा नको.

फक्त स्टँड हीटरपासून चार हात लांब. हीटरवर ओलं फडकं टाकणारे महाभाग मी पाहिलेत. आणि हीटर एक्स्टेन्शन बोर्डवर लावू नका, २००० वॅटचा असेल तर भिंतीतल्या १६ अँपियरच्या पॉइंटलाच.

तळजाई_वॉकर
यात एक भर. कोणी कोळशाची शेगडी खोलीत घेऊन दार लावून झोपत असेल, वॉचमन लोक केबिनमध्ये करतात हे, तर त्यांना आजच थांबवा. कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. आंघोळीनंतर बाथरूमचं दार उघडं टाकून वाफ खोलीत घ्यायची आयडिया पण चांगली आहे, पण इलेक्ट्रिक गीझर असेल तरच. गॅसचा गीझर आत असेल तर बाथरूमची खिडकी उघडी पाहिजे आणि तिथली हवा बेडरूममध्ये नको.

खुंटी_ढिली
विषयाला थोडा फाटा. आमच्याकडे माणसांच्या आधी वाद्यं बोंबलतात. सदाशिव पेठेत जुनं घर, दोन तानपुरे, एक मिरजेचा आजोबांच्या वेळचा. सवाई गंधर्व संगीत महोत्सवाच्या सुमारास म्हणजे डिसेंबरात खुंट्या सरकायला लागतात, लाकूड आक्रसतं आणि खुंटी भोकात पकडच धरत नाही, षड्ज लावून हात काढावा तोवर तार उतरलेली. खडू लावून वेळ मारून न्यायची. तबला उलट, पुडी ताणली जाऊन आपोआप चढतो. एका ओळखीच्या बाईंनी तानपुरा ब्लोअरसमोर कोपऱ्यात उभा केला होता, भोपळ्याला वरपासून खालपर्यंत तडा, दुरुस्तीला मिरजेला पाठवावा लागला. तो तडा मी हाताने चाचपून बघितलाय, नख जाईल एवढी फट.

मी काय करतो तर साबणाच्या भोकाच्या डबीत ओला करून पिळलेला स्पंज घालून डबी गवसणीच्या आत ठेवतो, लाकडाला पाणी लागू द्यायचं नाही. ज्यांच्या घरी सतार, व्हायोलिन, गिटार काही असेल त्यांनी हीटरच्या खोलीतून ते आधी बाहेर काढा. मुलीचा घोळणा दहा मिनिटांत थांबेल, भोपळा नाही जुळून येत.

कोथरूड_ते_शिकागो
इथून वाचतोय आणि हसू येतंय, कारण आमच्याकडे सहा महिने हीच चर्चा. बाहेर उणे १० असलं की त्या हवेत घनमीटरला दोन ग्रॅमपेक्षा कमी पाणी, घरात ती २१ ला तापवली की आर्द्रता १० टक्के. म्हणून इथे अख्खं घर तापवणाऱ्या फर्नेसलाच मोठा ह्युमिडिफायर जोडलेला असतो, नळाची लाईन थेट त्यात. आणि इतक्या थंडीत आम्ही आर्द्रता ३०-३५ च्या वर नेत नाही, नेली तर खिडकीच्या काचेवर पाणी धरतं, चौकटीवर ओघळतं आणि लाकूड कुजतं. पुण्यात तेवढी थंडी नाही, पण पहाटे काचेला आतून घाम आलेला दिसला तर ह्युमिडिफायर कमी करायचा, तीच खूण.

आईबाबा कोथरूडलाच आहेत, त्यांना मी हीटर रात्रभर लावूच देत नाही. झोपायच्या आधी तासभर खोली गरम करायची, बंद करायची, आणि अंथरुणात गरम पाण्याची पिशवी. नाक गार हवा घेतं, अंग गरम राहतं, दोघंही खूष. बिलही मर्यादेत, नाहीतर २००० वॅट म्हणजे पूर्ण जोरात तासाला दोन युनिट.

शनिवारवाडा_पेन्शनर
म्हणजे फिरून गोधडीवरच आलात की.

पाषाणची_नवीन
काका 😂 मान्य.

अपडेट देते. मीटर आला, मिठाची टेस्ट केली, ७३ दाखवला म्हणजे ठीकठाकच आहे. आमच्या हीटरच्या बटणावर अंश नाहीतच, नुसते १ ते ६ आकडे, आणि सासरे ते ५ वर ठेवायचे. पहिल्या रात्री तसंच ठेवून बघितलं तर खोली २७ आणि आर्द्रता ३१! दुसऱ्या रात्री २ वर आणला, खोली २१ आणि ४३. त्यात कपड्यांचा स्टँड आत घेतला तर पहाटे ४९. ह्युमिडिफायरचा विषय सध्या बंद, नवरा जरा हिरमुसलाय कारण त्याला गॅजेट हवं होतं. सासूबाईंचं पातेलं त्यांच्या उशाशी तसंच आहे, त्याला हात लावायची माझी टाप नाही.

सासऱ्यांनी कुरकूर केली, माकडटोपी आणि मोजे घालून झोपतायत, पण सकाळी आवाज मोकळा आहे हे त्यांनीच सांगितलं. लेकीची कॉट हीटरच्या शेजारी होती ती पलीकडच्या भिंतीला नेली.

आता एकच शंका. वेधशाळावाले म्हणाले तसं दुपारी मीटर बघितला, हीटर बंद, खिडक्या उघड्या, आणि २८ टक्के! मग थंडी संपल्यावर काय?

वेधशाळेमागे
संपल्यावर आणखी उतरेल, फेब्रुवारी-मार्चच्या दुपारी आपल्याकडे २० च्या आतबाहेर सर्रास असतं. अकराच्या सुमारास खिडक्या आणि पडदे लावून घ्यायचे, खोली गार राहिली की आर्द्रता आपोआप वर राहते, संध्याकाळी ऊन उतरलं की उघडायच्या. फरशी ओल्या फडक्याने दुपारी पुसा, सकाळी नको.

बाणेर_टँकरग्रस्त
आणि मार्चमध्ये नवरोबांना गॅजेट म्हणून वाळ्याच्या ताट्यांचा कूलर घेऊ द्या. गारवा आणि ओलावा एकाच खर्चात, फक्त कूलर चालू असताना समोरची खिडकी थोडी उघडी ठेवा नाहीतर खोली चिकट होईल. टाकीतलं पाणी मात्र त्यातही बदलत राहायचं, डास होतात.